कॉलेजचा साहित्य-कला अंक काढताय? मग हे वाचून घ्या

प्राचार्यांचं मनोगत आणि रँकर्सचे फोटो छापतात त्या वार्षिकाबद्दल नाही बोलत मी, मुलांनी मुलांसाठी काढलेल्या कथा-कविता-चित्रांच्या अंकाबद्दल बोलतेय.

आधी तारीख ठरवा. पुण्यात ऑगस्टमध्ये साहित्य मागवायचंच नाही, लिहिणारी अर्धी पोरं पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेच्या तालमीत अडकलेली असतात, आणि फेब्रुवारीत फिरोदिया करंडक, म्हणजे कॉलेजांची कलास्पर्धा, असते. आवाहन दिवाळीच्या सुट्टीआधी टाका, सुट्टीत लोक खरंच लिहितात.

निवड करताना नावं झाकायची. एकाने मेल उघडून प्रत्येक फाइलला नंबर द्यायचा, बाकीच्यांनी फक्त नंबर बघून वाचायचं, नाहीतर आपल्या कट्ट्यावरच्यांचंच छापलं जातं. आणि नकार कळवायचाच, प्लीज, हे सगळ्यात महत्त्वाचं आहे! फर्स्ट इयरची मुलगी पहिल्यांदा कविता पाठवते आणि पुढे काहीच कळत नाही, मग ती परत कशाला पाठवेल? दोनच ओळी लिहा पण त्या कवितेबद्दल लिहा, म्हणजे "शेवटच्या चार ओळी काढून बघ, कविता आईच्या चपलांपाशीच संपतेय" असं. त्यातले काहीजण सुधारून परत पाठवतात आणि तेच अंकातलं बेस्ट निघतं.

चित्रं कवितेखालची रिकामी जागा भरायला वापरू नका, अख्खं पान द्या. अभिनव कला महाविद्यालयात कोणी ओळखीचं असेल तर विचारा. चित्र नीट स्कॅन करून 300 डीपीआयला घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर मागवायचंच असेल तर डॉक्युमेंट म्हणून, फोटो म्हणून पाठवलं की क्वालिटी जाते.

मजकूर युनिकोडमध्येच मागवा. पानं मांडायच्या इनडिझाइन सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर हे सेटिंग लावलं नाही तर जोडाक्षरं फुटतात, आणि प्रेसवाल्याने जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये कन्व्हर्ट केलं तर "सूर्य"चा रफार सरकलाय का, "दुसऱ्या"तला ऱ्या जागेवर आहे का ते एकेक बघावं लागतं. प्रूफ स्क्रीनवर नाही, प्रिंट काढून दोघांनी मिळून वाचा, एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने मूळ फाइल बघायची. कवितेत तर ओळ कुठे तोडलीय तेही बघा, पान छोटं असलं की लांब ओळ आपोआप खाली पडते आणि कवीचा जीव जातो.

छपाईचं थोडक्यात: पुस्तकी साइजला साधारण 16 पानांचा एक फॉर्म (एकाच मोठ्या कागदावर एकत्र छापली जाणारी पानं) धरतात, म्हणून 64 किंवा 80 पानं करा, 67 वगैरे नको. प्रती कमी असतील तर डिजिटल परवडतं, ऑफसेटला छपाईच्या प्लेट बनवायचा खर्च आधीच बसतो. कोटेशन नारायण-सदाशिव पेठेत दोन-तीन ठिकाणी फिरून घ्या आणि कागद हातात घेऊन बघा, पातळ असला तर मागच्या पानावरचं चित्र कवितेतून दिसतं.

आणि ज्यांचं छापलं त्यांना दोन-दोन प्रती फुकट द्यायच्या, त्या बजेटमध्ये आधीच धरा.