सवारी कशी भरावी: वरच्या पैलवानासाठी पायाचा ताबा

कुस्तीत पट काढून, म्हणजे पाय धरून ओढून, प्रतिस्पर्ध्याला खाली बसवलं, त्याच्या पाठीवर ताबाही घेतला, पण पुढे काय करायचं ते सुचत नाही. तालमीत नव्या पोरांचं घोडं इथेच अडतं. हातांनी कवळ घालून ती त्याला दाबत राहतात आणि दोन मिनिटांत त्यांचेच दंड भरून येतात. खालच्याला खरं जखडायचं तर सवारी भरायला, म्हणजे त्याच्या पायात आपला पाय अडकवून वरून ताबा ठेवायला शिका. या डावात पाय फक्त अडकवायचा असतो, काम करते ती कंबर.

इथे उजव्या पायाची सवारी सांगतो.

आधी फट तयार करा. खालचा गडी हात-गुडघ्यांवर घट्ट बसलेला असताना पाय आत जातच नाही. छाती त्याच्या पाठीवर टेकवा आणि त्याला पुढे रेटा. वजन हातांवर गेलं की त्याचे गुडघे हलके होतात आणि मांडी व पोटामध्ये जागा होते. त्याच क्षणी उजवा पाय त्याच्या उजव्या मांडीवरून आत सोडा. गुडघा खोल गेला की पंजा त्याच्या नडगीखालून बाहेर काढून घोट्याला आकडीसारखा अडकवा. पंजा लोंबकळत ठेवू नका. तो हाताला लागला की खालचा पैलवान पाय सोलून काढणारच.

आता कंबर. आपली कंबर त्याच्या कंबरेला चिकटवून पुढे आणि खाली दाबा, सोबत अडकवलेला पाय मागे ताणा. त्याचा गुडघा जमिनीवरून सरकतो आणि तो पोटावर पसरतो. बहुतेकांची चूक इथे होते: उत्साहात ते खांद्यांपर्यंत वर चढतात. मग खालच्याने डोकं खाली घालून ढुंगण उचललं की वरचा पुढे कोसळतो. छाती त्याच्या पाठीच्या मध्यावर, किंचित डावीकडे ठेवा.

तो उजव्या कुशीवर बसून पाय सोडवू लागला, तर पायाशी झटापट करू नका. कंबर पुन्हा चिकटवा आणि त्याचा डावा हात कोपरात दुमडून आधार काढून घ्या.

त्याला पाठीवर पालटण्यासाठी आपला डावा हात त्याच्या डाव्या काखेखालून घालून मानेवर आणा. मान दाबत, खांदा उचलत त्याच्या डोक्याकडे सरका, मात्र पायाची आकडी सोडू नका. मातीत इथून चितपट साधायची. मॅटवर फ्रीस्टाइलमध्ये पाठ मॅटकडे वळवली की 2 गुण मिळतात. नुसतं दाबून बसलात तर पंच दोघांना उभं करतात. अमेरिकेतल्या कॉलेज कुस्तीत मात्र वरच्या ताब्याचा वेळ प्रतिस्पर्ध्यापेक्षा 1 मिनिट जास्त भरला की त्याचाही 1 गुण मिळतो, म्हणून तिथे पायाची सवारी फार घोटून घेतात. ग्रीको-रोमनमध्ये पायाचे डाव चालतच नाहीत.

दोन्ही पाय घालून पंजे एकमेकांत अडकवू नका. फ्रीस्टाइलमध्ये अंगाभोवती अशी कैची मारायला बंदी आहे, शिवाय खालचा मागे रेलला तर तुमचा घोटा पिळवटतो. गुडघ्यालाही जपा. जोडीदार आडवा कोसळतोय असं वाटलं तर पाय लगेच मोकळा करा. सुरुवातीला वस्ताद समोर असतानाच, जोडीदाराला अर्ध्या जोराने प्रतिकार करायला सांगून सराव करा. उजवी सवारी बसली की डावीही तेवढीच घोटा.