नवा राउटर घेण्याआधी या चुका टाळा

इंटरनेट रखडलं की आपण आधी राउटरला दोष देतो. चार-पाच हजार मोजून नवा घेतो आणि व्हिडिओ तरीही अडकतोच. प्लॅन ५० एमबीपीएसचा असेल, तर वाय-फाय ६ चा राउटरही बाहेरून ५० च आणणार. खोक्यावर छापलेले १५०० किंवा ३००० हे आकडे म्हणजे दोन्ही बँडच्या (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या रेडिओ लहरींच्या पट्ट्यांच्या) कागदावरच्या कमाल वेगांची बेरीज, तीही राउटर ते मोबाइल एवढ्याच टप्प्याची.

न मोजता खरेदी करणं ही सगळ्यात महागडी चूक. लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडा, बाकीच्यांचं वाय-फाय थोडा वेळ बंद ठेवा आणि स्पीड टेस्ट करा. एकदा सकाळी, एकदा रात्री नऊच्या सुमारास. केबलवरही वेग कमी येत असेल, तर आधी इंटरनेट देणाऱ्या केबलवाल्याकडे तक्रार करा. डेटाची मर्यादा संपून वेग उतरलाय का, तेही विचारा. केबलवर पूर्ण वेग आणि बेडरूममध्ये रडगाणं, तर मग वाय-फायकडे बघा.

या टेस्टमध्ये एक आकडा मुद्दाम शोधा: ९४. प्लॅन २०० किंवा ३०० चा, आणि काही केलं तरी वेग ९४-९५ च्या वर सरकत नाही? मग लाइनला दोष देऊ नका. वाटेत कुठेतरी १०० एमबीपीएसचा पोर्ट (लॅन केबल खुपसायची जागा) आहे. तो जुन्या राउटरचा असेल, लॅपटॉपचा असेल किंवा फायबरच्या ओएनटीचाही (घरात आलेली फायबर जिला जोडतात त्या डबीचाही) असेल; काही ओएनटींवर एकच पोर्ट गिगाबिट, म्हणजे १ जीबीपीएसचा (१००० एमबीपीएस) असतो आणि बाकीचे १०० चे. पोर्ट सगळे ठीक असतील तर केबल तपासा. गिगाबिटला आतल्या आठही तारा लागतात, १०० ला चारच पुरतात. केबलच्या टोकाचा कनेक्टर नीट क्रिम्प झाला नसेल, म्हणजे तारांवर दाबून बसवलेला नसेल, किंवा उंदराने एखादी तार कुरतडली असेल, तर जोडणी निमूटपणे १०० वर उतरते. अशा वेळी कॅट ५ई प्रकारची साधी, चांगली लॅन केबल घ्या. ती १०० मीटरपर्यंत १ जीबीपीएस आरामात नेते. घरासाठी कॅट ८ घेणं म्हणजे पैसे वाया.

राउटर टीव्हीच्या कपाटात कोंडू नका. जवळ बसून काम करताना ५ गिगाहर्ट्झ वापरा, २.४ भिंतीपलीकडे जास्त पोचतो, पण सोसायटीत त्यावर शेजाऱ्यांचीही गर्दी असते. रिपीटर (वाय-फायचा सिग्नल पकडून पुढे पाठवणारं यंत्र) सिग्नल नसलेल्या खोलीत नको, सिग्नल अजून चांगला आहे अशा मधल्या जागी लावा. शक्य असेल तर केबल ओढून दुसरा अॅक्सेस पॉइंट (केबलने आलेलं इंटरनेट त्या भागात वाय-फायने देणारं यंत्र) बसवा, माझं मत ठामपणे त्याच बाजूने आहे.

वेग पुरेसा असूनही घरातल्या कुणाचे फोटो क्लाउडवर चढायला लागले की तुमची मीटिंग अडखळते का? तिथे अपलोड भरून गेल्याने पिंग, म्हणजे डेटा जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ, वाढलेला असतो. एसक्यूएम (लाइनवर डेटाची रांग तुंबू न देणारी सोय) असलेला राउटर घ्या आणि त्यात मर्यादा लाइनच्या खऱ्या वेगापेक्षा थोडी कमी ठेवा. या एका तक्रारीवर नवा राउटर खरंच उपयोगी पडतो, प्लॅन तोच ठेवूनही.