लाडका कलाकार गेला: चाहत्यांनी पहिल्या तासापासून काय करावं

बातमी बहुधा फोनवरच येते. काळ्या चौकटीतला फोटो, खाली दोन तारखा, आणि बोट आपोआप ‘फॉरवर्ड’कडे वळतं. तिथेच थांबा. तो फोटो पुढे पाठवायच्या आधी बातमी खरी आहे का ते बघायचं, आणि त्याला दहा मिनिटंही लागत नाहीत.

सगळ्यात आधी घरच्यांकडून, अधिकृत प्रतिनिधीकडून किंवा कलाकाराच्या स्वतःच्या खात्यावरून काही जाहीर झालंय का ते पाहा. ऑगस्ट २०२० मध्ये हॉलिवूडचा अभिनेता चॅडविक बोसमन गेल्याचं त्याच्या घरच्यांनी त्याच्याच खात्यावरून कळवलं होतं. असं निवेदन मिळालं की प्रश्नच मिटला. ते नसेल, तर दोन वृत्तसंस्थांनी आपापल्या माणसांकडून मिळवलेली बातमी हवी. इथे बरेच जण फसतात. बातमी दहा ठिकाणी दिसते, पण दहाही जण एकाच पोस्टचा हवाला देत असतात. म्हणजे स्रोत एकच. बातमीखालची तारीखही वाचा, कारण चार वर्षांपूर्वीची बातमी कुणीतरी पुन्हा उकरून काढतं आणि लोक नव्याने रडायला लागतात.

मोठं नाव आणि सरकारी हवाला असला तरी चूक होते. २ ऑक्टोबर २०१७ ला गायक टॉम पेटी गेल्याची बातमी एका मोठ्या अमेरिकी वृत्तवाहिनीने पोलिसांच्या हवाल्याने दिली. तेव्हा तो रुग्णालयात जिवंत होता. त्याचं निधन त्या रात्री झालं. मधल्या तासांत जगभरच्या चाहत्यांनी श्रद्धांजली वाहूनही टाकली होती, आणि घरचे लोक मात्र त्याच्या उशाशी बसलेले होते. दोन तास उशिरा कळलं म्हणून चाहत्याचं काही बिघडत नाही. जिवंत माणसाच्या घरच्यांना त्याची श्रद्धांजली वाचावी लागली, तर ते मागे घेता येत नाही.

फोटोंबद्दल

२६ जानेवारी २०२० ला अमेरिकी बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंटचं हेलिकॉप्टर कोसळलं. तो, त्याची तेरा वर्षांची मुलगी जियाना आणि आणखी सात जण गेले. सगळ्या कुटुंबांना अधिकाऱ्यांनी कळवायच्या आधीच बातमी फुटली. पुढे असं उघड झालं की मदतीला गेलेल्या काही कर्मचाऱ्यांनीच अपघातस्थळी मृतदेहांचे फोटो काढून इतरांना दाखवले होते. कोबीच्या पत्नीने दावा लावला आणि २०२२ मध्ये ज्युरीने तिला १ कोटी ६० लाख डॉलर भरपाई दिली. असे फोटो काढणं गुन्हा ठरवणारा कायदा कॅलिफोर्नियाने २०२० मध्येच केला. त्याही आधी, १९७७ मध्ये, गायक एल्विस प्रेस्लीचा शवपेटीतला फोटो एका साप्ताहिकाने पहिल्या पानावर छापला आणि त्याचा खप प्रचंड झाला. म्हणजे हव्यास जुनाच आहे. फोनमुळे तो हातात आला, इतकंच.

म्हणून नियम सरळ ठेवा. मृतदेहाचा, अपघाताचा, रुग्णालयातल्या खाटेचा, रडणाऱ्या मुलांचा फोटो आला तर उघडून बघू नका, पुढे पाठवू नका, आणि ‘हे पाठवू नका रे’ असं सांगतानाही त्याचा स्क्रीनशॉट जोडू नका. तक्रार करा आणि पुसून टाका. अनेक ॲपमध्ये आलेला फोटो फोनच्या गॅलरीत आपोआप उतरतो. ती सोय आठवडाभर बंद ठेवा, नाहीतर नको असलेला फोटो चार दिवसांनी भलत्याच वेळी समोर येतो.

दुःखाचं काय करायचं

कधी भेट नाही, बोलणं नाही, तरी घशात आवंढा येतो आणि मग स्वतःचीच लाज वाटते. लाज वाटायचं कारण नाही. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अभ्यासकांनी १९५६ मध्येच या एकतर्फी जवळिकीबद्दल लिहिलं होतं. पडद्यावरचा माणूस रोज घरात येतो, डोळ्यांत बघून बोलतो, आणि आपलं मन त्याला ओळखीच्या माणसांतच धरतं. केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये आणखी एका गोष्टीला नाव दिलं: ज्याला समाज दुःख मानत नाही असं दुःख. सुतक नाही, सुट्टी नाही, भेटायला कुणी येत नाही, त्यामुळे ते आतल्या आत कुजतं. चाहत्याचं दुःख नेमकं असंच असतं.

पहिल्या दिवशी बातम्यांचा चॅनल लावून बसू नका. दर अर्ध्या तासाने तेच दृश्य, तीच धून, आणि नवीन माहिती शून्य. व्हिडिओ आपोआप सुरू होण्याची सोय बंद करा. दिवसातून दोनदा, ठरवलेल्या वेळी, बातम्या वाचा. तुकडे बघण्यापेक्षा त्या माणसाचं एक काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघा किंवा ऐका. तुकड्यांनी जीव टांगलेला राहतो, पूर्ण काम बघितलं की रडू येऊन मोकळं वाटतं. झोपताना फोन दुसऱ्या खोलीत.

मित्र हळवा झाला असेल तर ‘तुझा कोण लागत होता?’ हा प्रश्न विचारू नका. ‘त्याचं कुठलं काम तू पहिल्यांदा पाहिलंस?’ असं विचारा. माणूस बोलायला लागतो, आणि तेव्हाचं घर, तेव्हाची माणसं, गेलेले आईवडील हे सगळं बाहेर येतं. रडू पुष्कळदा त्यांच्यासाठीचंही असतं. दोन आठवडे उलटूनही झोप, जेवण, काम सावरत नसेल तर डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे जा. जगावंसं वाटत नाही असं कुणी म्हणालं तर त्याच क्षणी त्याच्याजवळ बसा, एकटं सोडू नका, आणि मदत बोलवा.

लहान मुलांना ‘तो झोपला’ किंवा ‘लांब गेला’ असं सांगू नका. मुलं झोपायला घाबरतात किंवा वाट बघत राहतात. ‘तो वारला, त्याचं शरीर आता काम करत नाही, तो परत येणार नाही, त्याची गाणी मात्र आपण ऐकू शकतो’ इतकं साध्या शब्दांत सांगितलं की पुरतं.

फॅन पेज चालवणाऱ्यांसाठी

पहिले ४८ तास ॲडमिनच्या मंजुरीशिवाय पोस्ट पडणार नाही असं सेटिंग करा. एकच पोस्ट वर पिन करा. त्यात चार ओळी पुरेत: निधनाची बातमी आणि ती कुणी जाहीर केली, घरच्यांनी काही विनंती केली असेल तर ती त्यांच्याच शब्दांत, कोणत्या प्रकारच्या पोस्ट मंजूर होणार नाहीत, आणि पुढची माहिती किती वाजता मिळेल. वेळ दिली की लोक दर मिनिटाला विचारत नाहीत. आधीच ठरवून ठेवलेल्या जाहिराती, वाढदिवसाच्या पोस्ट आणि विनोद तत्काळ थांबवा. दुःखाच्या पोस्टखाली ‘तिकिटं आजच घ्या’ असं येतं तेव्हा दोष यंत्राचा असला तरी बोल पेजला लागतो.

किमान तीन ॲडमिन हवेत आणि पाळ्या चार-चार तासांच्या. एकटा माणूस रात्रभर हजारो शोकसंदेश वाचत बसला तर सकाळी तोच कोलमडतो.

गेलेल्या माणसावर गंभीर आरोप असतील तर ते लिहिणाऱ्यांना शिव्या देऊ नका आणि त्यांच्या पोस्ट पुसूही नका. त्यांच्यासाठी वेगळा धागा उघडा. ज्याला त्रास झाला त्यालाही या बातमीने काहीतरी होतंच.

मृत्यू आत्महत्येने झाला असेल तर

हा भाग दोनदा वाचा, कारण इथे चाहत्यांच्या शब्दांनी जीव वाचतात किंवा धोक्यात येतात. प्रसिद्ध व्यक्तीच्या आत्महत्येनंतर आत्महत्या वाढतात हे समाजशास्त्रज्ञ डेव्हिड फिलिप्स यांनी १९७४ मध्ये दाखवलं. अभिनेत्री मेरिलिन मन्रो १९६२ मध्ये गेल्यानंतरच्या महिन्यात अमेरिकेत ही वाढ सुमारे १२ टक्के होती. बातमी जितकी ठळक, तितका परिणाम मोठा. म्हणून पद्धत लिहू नका. जागा, वस्तू, चिठ्ठीतला मजकूर यातलं काहीच नको. ‘अमुक कारणाने जीव दिला’ असं एका वाक्यात बसवू नका. विनोदी अभिनेता रॉबिन विल्यम्स २०१४ मध्ये गेला तेव्हा सगळ्यांनी नैराश्याचा निष्कर्ष काढला. शवविच्छेदनात मेंदूचा एक गंभीर आजार, ल्युई बॉडी डिमेन्शिया, निघाला. जिवंतपणी त्याचं निदान झालंच नव्हतं.

त्याच वेळी ‘आता तू मोकळा झालास’ अशा अर्थाचा एक संदेश लाखो लोकांनी फिरवला. आत्महत्या रोखण्यासाठी काम करणाऱ्यांनी त्यावर तीव्र आक्षेप घेतला, आणि तो रास्त होता. मरण म्हणजे सुटका, हे वाक्य ज्याला त्या रात्री वाचायला मिळतं आणि जो स्वतः काठावर उभा आहे, त्याला ते आमंत्रणासारखं वाटतं. ‘अखेर शांती मिळाली’ हेही त्यातलंच. त्याऐवजी ‘आम्हाला तू हवा होतास’ लिहा. ते खरंही असतं.

उलट उदाहरणही आहे. रॉक गायक कर्ट कोबेन एप्रिल १९९४ मध्ये गेला. अमेरिकेतल्या सिएटल शहरात १० एप्रिलला हजारो चाहते जमले. तिथे संकटातल्या लोकांना मदत करणाऱ्या केंद्राची माणसं बोलली, मदत कुठे मिळते ते सांगितलं गेलं, आणि त्याच्या पत्नीने राग आणि दुःख लपवलं नाही. तिथे आत्महत्यांची अपेक्षित वाढ झाली नाही, मदतीसाठी येणारे फोन मात्र वाढले. म्हणून पिन केलेल्या पोस्टमध्ये आपल्या भागातल्या हेल्पलाइनचा नंबर द्या. तो स्वतः लावून बघा, चालू आहे आणि कुठल्या वेळेत चालू आहे याची खात्री करा. बंद नंबर देण्यापेक्षा न दिलेला बरा.

एकत्र जमायचं असेल तर

गर्दी दुःखाची असली तरी गर्दीच असते. मूकपटांचा नट रुडॉल्फ व्हॅलेंटिनो ऑगस्ट १९२६ मध्ये गेला तेव्हा न्यूयॉर्कमध्ये अंत्यदर्शनाला लोटलेल्या जमावाने खिडक्यांच्या काचा फोडल्या आणि अनेक जण जखमी झाले. एल्विसच्या घराबाहेर १८ ऑगस्ट १९७७ च्या पहाटे एक गाडी चाहत्यांत घुसली आणि दोन तरुणी मेल्या. त्यामुळे रस्त्याच्या कडेला कधीही जमू नका. कलाकाराच्या घरासमोर तर नकोच. आत माणसं रडत असतात आणि त्यांना औषध आणायलाही बाहेर पडता येत नाही.

मोकळं मैदान किंवा सभागृह घ्या आणि परवानगी लेखी घ्या. सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ दोन्ही जाहीर करा, कारण शेवट न ठरवलेला मेळावा रात्री उशिरा भांडणावर येतो. दीड तास पुष्कळ झाला. दर पंचवीस माणसांमागे एक स्वयंसेवक, आणि रुग्णवाहिका आत येईल इतकी रुंद वाट मोकळी.

मेणबत्त्या पेटवणार असाल तर काचेच्या बरण्यांत, तळाशी दोन बोटं वाळू घालून. उघड्या मेणबत्तीचं मेण फरशीवर सांडतं, लोक घसरतात, आणि फुलांच्या वेष्टनाने पेट घेतला तर क्षणात पसरतो. वाऱ्याच्या जागी सरळ बॅटरीच्या वापरा. वाळूची एक आणि पाण्याची एक बादली जवळ ठेवा. फुलांवरचं प्लॅस्टिक, रबर आणि रिबन ठेवण्याआधीच काढा. प्लॅस्टिकमध्ये फुलं दोन दिवसांत कुजून वास मारतात आणि खतातही जात नाहीत. चिठ्ठी पेन्सिलने लिहा. जेल पेनची शाई पहिल्याच सरीत ओघळते आणि कागदावर निळे डाग तेवढे उरतात.

ठेवलेल्या वस्तूंचं पुढे काय, हे आधी ठरवा. कोबीसाठी लॉस एंजेलिसच्या स्टेपल्स सेंटरबाहेर सुमारे २५,००० मेणबत्त्या आणि १,३५३ बास्केटबॉल जमले होते. फुलांचं खत करून तिथल्याच झाडांना घातलं गेलं, आणि घरच्यांना हव्या होत्या त्या वस्तू मोजून, नोंदवून त्यांच्याकडे पाठवायचं ठरलं. लहान मेळाव्यालाही हेच जमतं: फुलं खतात, चिठ्ठ्या सुकवून एका खोक्यात, बाहेर तारीख आणि ठिकाण, आणि घरच्यांना हव्यात का हे महिन्याभराने एकदाच विचारायचं.

पैसे

निधनानंतरच्या पहिल्या आठवड्यात सह्या, पोस्टर, जुन्या तबकड्या यांचे भाव वर चढतात आणि खोट्या सह्याही तेव्हाच बाजारात येतात. तीस दिवस काहीही विकत घेऊ नका. देणगी द्यायची तर घरच्यांनी नाव घेतलेल्या संस्थेच्या स्वतःच्या साइटवर जाऊन द्या, संदेशातल्या लिंकवरून नको. अमेरिकी अभिनेत्री बेटी व्हाइट डिसेंबर २०२१ मध्ये, शंभरी गाठायला तीन आठवडेही उरले नसताना गेली. तिच्या चाहत्यांनी ठरवलं की १७ जानेवारीला, तिच्या वाढदिवशी, प्रत्येकाने जवळच्या प्राण्यांच्या आश्रयस्थानाला ५ डॉलर द्यायचे. रक्कम लहान, तारीख नक्की, पैसे थेट संस्थेला, मध्ये कुणी गोळा करणारा नाही. आम्हाला माहीत असलेल्यांत ही सगळ्यात नेटकी रीत आहे. पैसेच हवेत असंही नाही. कन्नड अभिनेता पुनीत राजकुमारचे डोळे ऑक्टोबर २०२१ मध्ये दान झाले, चार जणांना दिसू लागलं, आणि त्यानंतर नेत्रदानाचे अर्ज भरायला चाहत्यांची रीघ लागली.

जपणूक

अधिकृत साइट आणि खाती काही महिन्यांत बंद होऊ शकतात. मुलाखती, छायाचित्रं, कार्यक्रमपत्रिका पहिल्याच महिन्यात उतरवून ठेवा. प्रत्येक फाइलच्या नावात तारीख, ठिकाण आणि कुठून मिळाली ते लिहा. ‘फोटो नवीन अंतिम २’ या नावाने ठेवलेला फोटो वर्षभराने कुणालाच ओळखता येत नाही. तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या घरात. फोटो कुणी काढला ते माहीत असेल तर नाव द्या, आणि घरच्यांचे खाजगी फोटो या संग्रहात घेऊ नका, ते कितीही सुंदर असले तरी.