साताऱ्याहून थंडीत दोघांनी मुंबई बघायची तर

मुंबई बघायला चार दिवस लागतात असं सांगणाऱ्यांचे दोन दिवस लोकलमध्ये गेलेले असतात. एरवी दोन दिवस पुरतात. अट एकच: मुक्काम दक्षिण मुंबईत करायचा आणि गाडीत बसायचं ते कायम गर्दीच्या उलट दिशेने. बाकी सगळं या एका गोष्टीवरून ठरतं, म्हणून आधी मुक्कामाचं.

सातारा-सांगलीकडचा माणूस मुंबईला निघाला की घरचे हमखास सांगतात, "डोंबिवलीला आत्या आहे की, लॉज कशाला?" आत्याला भडंग आणि कंदी पेढे जरूर पाठवा, पण फिरायला गेला असाल तर तिच्याकडे राहू नका. सकाळी सगळी मुंबई दक्षिणेकडे धावते आणि संध्याकाळी उत्तरेकडे परतते. डोंबिवली, कल्याण, विरारला उतरलात तर दोन्ही वेळा त्याच लोंढ्यात सापडता. सीएसएमटी, मशीद बंदर किंवा फोर्टात साधी खोली घेतलीत तर सकाळी रिकामी गाडी उत्तरेला जाते आणि संध्याकाळी रिकामी गाडी दक्षिणेला येते. खोलीचे दोन पैसे जास्त जातील, जाऊ द्या. आत्याचा राग येण्यासारखा असेल आणि राहावंच लागलं, तर सकाळी साडेसहाच्या आत किंवा अकरानंतर निघा आणि परतीची गाडी दुपारी साडेचारच्या आत किंवा रात्री साडेनऊनंतर धरा. डोंबिवलीहून चढताना तिथूनच सुटणारी गाडी बघा, मागून भरून आलेली नको.

जायला महालक्ष्मी एक्सप्रेस. कोल्हापूरहून निघून सांगली, कऱ्हाड, साताऱ्यावरून ती सकाळी मुंबईत पोचते. इथे एक जुनी चूक होते. सांगलीकर रात्री वेळेत चढतो, पण साताऱ्यात गाडी मध्यरात्रीच्या आसपास येते आणि तोवर तारीख बदलते. शुक्रवारी सकाळी मुंबईत पोचायचं तर साताऱ्याहून गुरुवारचं तिकीट हवं की शुक्रवारचं, हे गाडीची वेळ बघून ठरवा; एका तारखेच्या घोळात अख्खी सहल बसते. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि नाताळच्या सुट्टीचं लगेच संपतं. सातारा स्टेशन गावाबाहेर, माहुलीच्या बाजूला आहे. एवढ्या रात्री पोवई नाक्यावरून रिक्षा मिळेल या भरवशावर राहू नका, दिवसाच सांगून ठेवा.

कपडे: गाडीत शाल लागते, मुंबईत नाही. जानेवारीतही दुपारी पारा ३० च्या पुढे जातो. जाड स्वेटर दोन दिवस खांद्यावर वाहायला लागेल.

तारखांबद्दल: ५-६ डिसेंबरला चैत्यभूमीला जायचं असेल तर जरूर जा, नुसतं फिरायचं असेल तर ते दिवस टाळा. ३१ डिसेंबर टाळा. जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी मॅरेथॉन असते, तेव्हा दक्षिण मुंबईतले रस्ते बंद असतात. सगळ्यात बरे शुक्रवार-शनिवार.

दादरला उतरण्याची हौस करू नका, शेवटपर्यंत बसा. सीएसएमटीला सामानघर आहे. बॅगेला कुलूप आणि हातात तिकीट असलं की सामान ठेवून घेतात. खोली बारा वाजता मिळणार असते, तोवर मोकळ्या हाताने फिरता येतं. बाहेर आल्यावर रस्ता ओलांडा आणि मागे वळून बघा. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सने बांधलेली ही इमारत जवळून दिसतच नाही. फाटकाच्या एका खांबावर सिंह आहे आणि दुसऱ्यावर वाघ: सिंह इंग्लंडचा, वाघ हिंदुस्थानचा. समोरची महापालिकाही स्टीव्हन्सचीच.

पहिला दिवस पायी. सीएसएमटी ते गेटवे जेमतेम अडीच किलोमीटर आहे, त्यासाठी टॅक्सी करणं म्हणजे पैसे देऊन न बघणं. रिक्षा शोधू नका, दक्षिण मुंबईत रिक्षा नाहीत. मात्र क्रम उन्हाप्रमाणे लावा. आधी हुतात्मा चौक, मग काळा घोडा. सव्वादहाला तिथलं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय उघडतं, त्याला दोन तास द्या. तिथून गेटवे. पाया १९११ चा, काम पुरं झालं १९२४ साली; फोटो काढायला दहा मिनिटं पुरेत. जेवा. साडेतीनच्या सुमारास ओव्हल मैदानावर या. राजाबाई टॉवर आणि हायकोर्ट मैदानाच्या पूर्वेला आहेत, त्यामुळे त्यांच्या तोंडावर ऊन दुपारनंतरच येतं. सकाळी काढलेला फोटो काळा येतो. समोरच्या, पश्चिमेच्या गोलाईदार आर्ट डेको इमारतींवर ऊन सकाळी असतं. मैदानाच्या दोन्ही बाजूंच्या इमारती मिळून २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत गेल्या.

तिथून चर्चगेटवरून मरीन ड्राइव्हला दहा-बारा मिनिटं. डिसेंबरात सूर्य सहाच्या आसपास बुडतो, साडेपाचला कठड्यावर जागा धरा. आणि चौपाटीच्या टोकाला बसू नका, सगळे तिथेच बसायला सांगतात. थंडीत सूर्य नैर्ऋत्येला मावळतो. चौपाटीवरून बघितलं तर त्या दिशेला राजभवनाची टेकडी आडवी येते. चर्चगेटच्या समोर किंवा नरिमन पॉइंटकडे बसलात तर तो उघड्या समुद्रात जातो.

दुसऱ्या दिवशी घारापुरी किंवा कान्हेरी, दोन्ही नको. लेणी दोन तासांवर डोक्यात राहत नाहीत. दोन्ही ठिकाणं सोमवारी बंद असतात. घारापुरीला गेटवेहून सकाळी नऊच्या सुमाराची पहिली लाँच धरा, जायला तासभर लागतो. लाइफ जॅकेट देत नसतील तर मागून घ्या. दुपारनंतर वारा वाढतो, म्हणून मळमळणाऱ्यांनी दोनच्या आत परत यावं. वर १२० पायऱ्या आहेत. माकडं हातातली बाटलीही नेतात. सदाशिवाच्या तीन मुखांपुढे सगळे थांबतात. त्याच्या दोन्ही बाजूंचे अर्धनारीश्वर आणि गंगाधर मात्र न बघता परततात.

कान्हेरीची लेणी बोरिवलीला, ती निवडलीत तर लोकल आली. इथेच बहुतेकांची दाणादाण उडते.

सकाळी आठला चर्चगेटहून बोरिवली म्हणजे गर्दीच्या उलट, बसायला जागा मिळते. पण फलाटावरचा इंडिकेटर वाचायला शिका. त्यावर चार गोष्टी असतात: गाडी कुठवर जाणार, किती वाजता, जलद की धिमी, आणि डबे किती. नवखा माणूस फक्त पहिली वाचतो. जलद गाडी चर्चगेटहून सुटली की एरवी थेट मुंबई सेंट्रलला थांबते. तुम्हाला गिरगावात जायला चर्नी रोडला उतरायचं असेल तर धिमीच हवी. मध्य रेल्वेवरही तसंच: मशीद, चिंचपोकळी, करी रोड, परळ, शीव ही स्टेशनं धिम्या गाडीची. डब्यांचा आकडाही महत्त्वाचा आहे, कारण १५ डब्यांच्या गाडीसाठी उभे राहिलात आणि १२ ची आली तर धावत सुटावं लागतं.

संध्याकाळी चर्चगेटहून अंधेरी-बोरिवलीला जायचा प्रसंग आलाच तर विरारची जलद गाडी धरू नका. ती बोरिवलीला थांबते हे खरं. पण दारात विरारचे लोक असतात आणि मधल्या स्टेशनवर उतरणाऱ्याला वाट मिळत नाही. तुमच्या स्टेशनवरच संपणारी गाडी सोडायची नाही, मग दहा मिनिटं थांबावं लागलं तरी.

चढताना डब्यावरचं वाचा. लाल-पिवळ्या तिरक्या पट्ट्या म्हणजे फर्स्ट क्लास. साध्या तिकिटावर चढलात तर किमान अडीचशे दंड आणि वर भाडं. महिलांचा आणि अपंगांचा डबा वेगळा असतो. मोबाइलवर तिकीट काढणार असाल तर स्टेशनात शिरायच्या आधी काढा, फलाटावर उभं राहून ते सहसा निघत नाही. पाठीवरची सॅक छातीवर घ्या, फोन पुढच्या खिशात.

उतरणं चढण्यापेक्षा अवघड. गाडी वीस-तीस सेकंद थांबते. आपलं स्टेशन येण्याआधी दोन स्टेशनं उठायचं, पुढच्याच्या खांद्याला हलका हात लावून "दादर?" एवढंच विचारायचं. तो मान हलवेल तर त्याच्या मागे उभं राहायचं, नाही म्हणाला तर तो स्वतःच बाजूला सरकून तुम्हाला पुढे घालतो. फलाट कुठल्या बाजूला येणार तेही त्यालाच विचारा. "एक्सक्यूज मी" म्हणत स्टेशन आल्यावर उठणारा पुढच्या स्टेशनवर उतरतो.

आणि दोघं आहात म्हणून हा नियम घर सोडण्याआधीच ठरवून ठेवा. चुकामूक झाली तर जो गाडीत राहिला त्याने गाडी पुढे जिथे थांबेल तिथे उतरायचं आणि फलाटावरून हलायचं नाही. जो मागे राहिला त्याने त्याच स्टेशनवर थांबणारी पुढची गाडी धरून तिकडे जायचं. दोघांनीही एकमेकांना शोधायला निघायचं नाही, नाहीतर समोरासमोरच्या गाड्यांतून एकमेकांना हात करत बसाल. मित्र जलद गाडीत अडकला असेल तर तो दादरहून थेट वांद्र्याला गेलेला असतो. तुम्ही धिमीने माटुंगा रोडला उतरून बघू नका.

रविवार हाताशी असेल तर मेगाब्लॉकची बातमी आदल्या दिवशी वाचा. सकाळी दहा-अकरापासून दुपारी चारच्या आसपासपर्यंत कुठली ना कुठली मार्गिका बंद असते. सिद्धिविनायक किंवा वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरला जायचं असेल तर लोकलच्या नादी लागूच नका, भुयारी मेट्रो तीन सीएसएमटीहून तिकडेच जाते.

परतीला महालक्ष्मीच, रात्री सीएसएमटीहून. साताऱ्यात ती पहाटेच्या अंधारात येते आणि फार थांबत नाही. गजर दोघांनीही लावा, "तू उठव" यावर भरवसा नको. झोप लागलीच तर कऱ्हाडला उतरा आणि स्टँडवरून साताऱ्याची पहिली एसटी धरा.