नव्या देशात नोकरी लागली, आता पुढची दोन वर्षं

पहिल्याच महिन्यात पाच वर्षांचा प्लॅन आखायला बसू नका. इथला बाजार अजून कळायचाय. आधी एवढंच बघा, तुमचं काम परवान्याचं आहे का? डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट, वकील यांना बहुतेक देशांत स्थानिक नोंदणीशिवाय त्या हुद्द्यावर काम करता येत नाही. तसं असेल तर पदवीची समकक्षता, भाषेची परीक्षा, नोंदणी ही साखळी ताबडतोब सुरू करा. एकेक टप्पा महिने खातो, आणि कागद बहुधा जुन्या कॉलेजात किंवा जुन्या कंपनीत अडकतात. अनुभवाच्या पत्रात नुसता हुद्दा आणि तारखा असून भागत नाही. रोज काय काम करत होता, तेही लिहून घ्या.

सॉफ्टवेअर, डिझाइन, मार्केटिंग अशा कामांना सहसा परवाना लागत नाही. तिथे जाहिरातींपासून सुरुवात करा. आज मिळेल त्या पदाच्या एक पायरी वरच्या पदाच्या ३० जाहिराती जमवा. एक्सेलमध्ये प्रत्येक कौशल्याला एक ओळ, प्रत्येक जाहिरातीला एक रकाना, मागणी दिसेल तिथे खूण. ज्याला २० पेक्षा जास्त खुणा पडतील ते येत नसेल तर अर्ज पहिल्याच चाळणीत गळण्याची भीती. १० ते २० वाली कौशल्यं तुम्हाला बाकीच्यांपेक्षा वेगळं दाखवतात. पाचाच्या आतलं कितीही आवडीचं असो, सध्या बाजूला ठेवा. आकडे ढोबळ आहेत, पण ‘सगळेच हा कोर्स करतायत’ यापेक्षा बरे. सहा महिन्यांनी नव्या जाहिरातींवर पुन्हा मोजा.

एका वेळी एकच कौशल्य, तीन महिने. आठवड्याला चार तास धरले तर ५० च्या आसपास तास होतात. त्यात कोणी निष्णात होत नाही, पण एखादं छोटं काम स्वतंत्रपणे उरकता येतं. ते काम सध्याच्या नोकरीतच शोधा. नुसत्या सर्टिफिकेटवर ‘हे कुठे वापरलंत?’ असं विचारलं की बोलती बंद होते.

भाषेचंही तेच. भाषा किती येते हे मोजायच्या युरोपीय चौकटीत ए१ ते सी२ अशा सहा पातळ्या आहेत. बी२, म्हणजे चौथी पातळी, पास झालेला माणूस ईमेल झकास लिहितो आणि मीटिंगमध्ये मात्र गप्प बसतो. परीक्षेत माणसं आळीपाळीनं बोलतात, मीटिंगमध्ये एकमेकांना तोडून. म्हणून आदल्या दिवशी विषयपत्रिका वाचा, एक प्रश्न लिहून न्या आणि पहिल्या दहा मिनिटांतच विचारा.

दर शुक्रवारी १५ मिनिटं कामाची वही लिहा. ‘रिपोर्टचं काम केलं’ ही नोंद वर्षभरानं कुचकामी ठरते. ‘महिन्याचा स्टॉक रिपोर्ट: आधी ६ तास, आता दीड. दोन याद्या हातानं जुळवत होतो, तिथे सूत्र घातलं. गोदामवाले वापरतात.’ ही ओळ तशीच इंटरव्ह्यूत सांगता येते. आपल्याला ‘आम्ही केलं’ म्हणायची सवय. त्यातून तुमचा वाटा किती, ते समोरच्याला कळत नाही. ‘मी’ म्हणताना जीभ अडखळत असेल तर आकडा पुढे करा, बढाई वाटणार नाही. वहीत ग्राहकांची नावं आणि गोपनीय माहिती नको. वही ऑफिसच्या लॅपटॉपवरही नको, नोकरी सुटली की लॉगिन बंद होतं.

पात्रतेपेक्षा खालच्या हुद्द्याची नोकरी घ्यायला हरकत नाही, पण मनाशी मुदत घाला: १२ महिने, फार तर १८. सीव्ही वाचणारा सर्वांत वर लिहिलेली, म्हणजे अलीकडची नोकरी आधी बघतो आणि तुम्हाला त्याच मापानं मोजतो.

मॅनेजरला ‘बढती कधी?’ असं विचारू नका. ‘वरच्या हुद्द्यासाठी माझ्यात काय कमी पडतंय?’ असं विचारा. जे उत्तर मिळेल ते दोन-तीन ओळींत त्याच दिवशी त्यांना मेल करा. मॅनेजर बदलतात, नवीन आले की पहिल्याच भेटीत ती मेल समोर ठेवायची.