लाइन गेली तरी फरशी कोरडी: खाऱ्या पाण्याच्या टँकची पाइपलाइन

समुद्री माशांच्या टँकखाली संप (पाणी साठवून पंपानं परत वर पाठवणारी दुसरी टाकी) ठेवला की पाइपलाइन आलीच. विदर्भातल्या खेड्यात ती आखताना पंप चालू असतानाचा विचार नंतर करा, बंद पडतानाचा आधी. इथे लाइन कधी जाईल याचा नेम नाही, आणि डीपी जळाली तर दोन-दोन दिवस येत नाही. घरात कोणी नसताना पंप थांबून पुन्हा सुरू झाला तरी फरशीवर थेंब पडता कामा नये. पुढचं सगळं या एका कसोटीवर ठरवा.

खालची मापं 91 × 46 × 46 सेंमी टँकची (3 × 1.5 × 1.5 फूट, भरून साधारण 170 लिटर) आणि 75 × 38 × 38 सेंमी संपची आहेत. टँक वेगळा असेल तर आकडेमोड तीच, आकडे तुमचे.

पहिली गफलत पाइप घेतानाच होते. शेतीच्या दुकानातला राखाडी पीव्हीसी पाइप मिलिमीटरच्या मापाचा असतो, बाहेरून 32 मिमी. प्लंबिंगचा पांढरा 1 इंची यूपीव्हीसी पाइप 33.4 मिमी भरतो, तर 1 इंची सीपीव्हीसी 28.6 मिमी. पहिले दोन जाडीला सारखेच दिसतात, पण राखाडी पाइप पांढऱ्या एल्बोत सैल बसतो आणि ती फट सोल्यूशननं भरून निघत नाही. म्हणून पाइप, एल्बो, युनियन (खोलता येणारा जोड), टँक निपल (काचेच्या भोकात बसणारा जोड) सगळं पांढऱ्या यूपीव्हीसीत एकाच दुकानातून घ्या आणि सोल्यूशन त्याच पाइपाचं घ्या. पितळी व्हॉल्व्ह किंवा जीआयचा (जस्त चढवलेल्या लोखंडाचा) निपल कुठेही लावू नका. पितळेतलं तांबं खाऱ्या पाण्यात उतरतं आणि कोळंबी, गोगलगायी, प्रवाळ मरतात. स्टीलच्या क्लिपाही गंजतात, प्लास्टिकच्या वापरा.

टँकच्या मागच्या काचेवर वरच्या कोपऱ्यात काचेची छोटी पेटी सिलिकॉननं चिकटवा (तिच्या काठावरच्या कंगव्यासारख्या दात्यांतून टँकचं पाणी आत पडतं) आणि पेटीच्या आत 1 इंची टँक निपलसाठी दोन भोकं पाडा. भोकाचा व्यास निपल मोजून ठरवा, अंदाजानं नको. काचेच्या कडेपासून किमान भोकाच्या व्यासाएवढं अंतर सोडा. टफन्ड काच असेल तर ड्रिल लावूच नका, तिचा चुरा होतो. साध्या काचेला डायमंड होल सॉ मंद गतीनं, सतत पाणी सोडत, दाब न देता चालवा. निपलचं रबर वॉशर टँकच्या आतल्या, कॉलरच्या बाजूला येतं. नट हातानं आवळून वर फक्त पाव फेरी.

दोन्ही पाइप संपमध्ये उतरतात, पण काम वेगळं. मुख्य पाइपाचा एल्बो पेटीत खाली तोंड करून बसवा आणि बाहेर त्यावर गेट व्हॉल्व्ह लावा. बॉल व्हॉल्व्हनं बारीक ॲडजस्टमेंट होत नाही. हा पाइप पूर्ण पाण्यानं भरून चालतो, म्हणून आवाज नसतो. दुसऱ्याचा एल्बो वर तोंड करून, पेटीच्या कंगव्याखाली 2 सेंमीवर. हा आपत्कालीन पाइप, याच्यावर व्हॉल्व्ह कधीच नको. मुख्य पाइपाचं खालचं टोक संपच्या पाण्यात 2-3 सेंमीच बुडवा. जास्त बुडवलं तर लाइन परत आल्यावर आतली हवा बाहेर पडत नाही आणि सायफन धरत नाही.

संपमधून वर पाणी नेणारा, म्हणजे परतीचा पाइप पाऊण इंची पुरे. तासाला टँकच्या पाचपट, म्हणजे सुमारे 850 लिटर पाणी फिरलं की झालं, मात्र पंपावरचा आकडा शून्य उंचीचा असतो. दीड मीटर चढ असेल तर पंपाच्या आलेखात त्या उंचीला मिळणारा आकडा बघा. पंपानंतर वीतभर सिलिकॉन नळी घाला, थरथर पाइपात जात नाही. त्याच्या वर युनियन लावा आणि पुढे चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) जोडायचा झाल्यास एक टी आत्ताच टाकून कॅप लावून ठेवा. इथल्या मे महिन्यात त्याची गरज पडण्याची शक्यता मोठी आहे.

आता खरी मेख. पंप थांबला की परतीच्या पाइपातून टँकचं पाणी उलटं खाली येतं. या टँकमध्ये 1 सेंमी पाणी म्हणजे 4.2 लिटर. नोझल (या पाइपाचं टँकमधलं तोंड) 10 सेंमी खोल असेल तर 42 लिटर संपमध्ये येणार, म्हणजे घरात पाणी. नोझल 2 सेंमीवरच ठेवा आणि पाइपाला पाण्याच्या पातळीखाली 1 सेंमीवर 4 मिमीचं भोक पाडा. पातळी तिथे आली की भोकातून हवा शिरते आणि उलटा सायफन तुटतो. शेवाळ आणि मीठ हे भोक बुजवतात, म्हणून दर आठवड्याला काडी घाला. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर भिस्त ठेवू नका, त्यात वाळूचा एक कण अडकला तरी पुरतो.

उलटी बाजूही आहे. दोन्ही निचरे तुंबले तर पंप संपच्या पंपकप्प्यातलं सगळं पाणी वर फेकतो. कप्पा 20 × 38 सेंमीचा आणि पाणी 18 सेंमी असेल तर 13.7 लिटर, म्हणजे टँकमध्ये सव्वातीन सेंमी. टँकची पातळी काठाखाली 5 सेंमी ठेवलीत तर हे पाणी वरच मावतं.

जोड लावायचे ते सकाळी लवकर. उन्हाळ्यात दुपारी सोल्यूशन लावेपर्यंत वाळतं आणि जोड अर्धवट बसतो. कापलेल्या कडेचे खरखरीत कंगोरे घासा, आधी कोरडं जोडून बघा, मग दोन्हीकडे सोल्यूशन लावून पाव फेरी फिरवत 30 सेकंद दाबून धरा. 24 तास पाणी नको.

चाचणी मीठ न घालता, साध्या पाण्यानं. पंप बंद ठेवून टँक नोझलच्या भोकापर्यंत भरा आणि संप काठाखाली 4 सेंमीपर्यंत. पंप लावा, पंधरा मिनिटांनी संपची पातळी मार्करनं आखा. पाणी या रेषेच्या वर कधीही भरायचं नाही. मग बटण पाच वेळा बंद-चालू करा. दर वेळी आपत्कालीन पाइप मिनिट-दोन मिनिटं खळखळून शांत झाला पाहिजे. शेवटी गेट व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून एकटा आपत्कालीन पाइप सगळं पाणी नेतो का ते बघा. नेत नसेल तर पंप मोठा आहे.

पाण्याबद्दल थोडक्यात. अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातलं बोअरचं पाणी खारट असलं तरी समुद्राच्या पाण्याला पर्याय नाही, त्यातल्या क्षारांचं प्रमाणच वेगळं. विकतच्या जारचं पाणीही नको. आरओला डीआय कार्ट्रिज (उरलेले क्षार काढणारा फिल्टर) जोडून टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्यावर आणा आणि त्यात मत्स्यटँकसाठी मिळणारं समुद्री मीठ लिटरला सुमारे 35 ग्रॅम घाला. घनता 1.025 आली की थांबा. पाणी उडतं, मीठ उडत नाही, त्यामुळे रोजची भर गोड्या आरओ-डीआय पाण्याचीच. फ्लोट व्हॉल्व्ह लावलात तर त्याला पाणी देणारा वरचा डबा 10 लिटरपेक्षा मोठा नको, फ्लोट अडकला तर नुकसान तेवढंच.

सगळे प्लग 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमागे (करंट गळाला की वीज तोडणारा स्विच) घ्या आणि वायरला प्लगच्या खाली झोळ सोडा, ओघळ बोर्डात जात नाही. इन्व्हर्टरवर आधी वेव्हमेकर (टँकमधलं पाणी हलतं ठेवणारा), मग पंप. इन्व्हर्टर नसेल तर बॅटरीवरचा एअर पंप टँकला लावा.

महिन्याभरानं प्रत्येक जोडावर बॅटरी मारून बघा. पांढरी खपली दिसली की तिथे पाझर आहे. दर तीन महिन्यांनी पंप पाणी घातलेल्या व्हिनेगरमध्ये तासभर बुडवून धुवा आणि एक जादा इम्पेलर (पंपातली फिरणारी पाती) घरात ठेवा, तालुक्याच्या गावी तो मिळेलच असं नाही.