घटसर्पाची लस मृगाआधी: ठाणे जिल्ह्यातल्या पशुपालकांसाठी मे महिन्याचा सल्ला

ठाणे जिल्ह्यात पाऊस साधारण 10 जूनच्या आसपास धरतो. घटसर्प म्हणजे गुरांचा गळा सुजवणारा जीवघेणा आजार. त्याची लस टोचल्यावर जनावराच्या अंगात ताकद तयार व्हायला दोन-तीन आठवडे जातात. म्हणजे 15 ते 20 मेच्या आत टोचलेलं जनावरच पहिल्या पावसाला तयार असतं. मुरबाड, शहापूर, भिवंडीच्या गावांत दरवर्षी इथेच घात होतो. मेमध्ये लग्नसराई असते, घरं शाकारायची असतात, गुरं रानात मोकळी सुटलेली असतात. लस टोचणारे दारात आले तरी उत्तर ठरलेलं: "पाऊस पडू दे, मग बघू." मग चिखलणीच्या ऐन धामधुमीत बैल दमून गोठ्यात येतो, सकाळी गव्हाणीला तोंड लावत नाही आणि संध्याकाळपर्यंत संपतो.

घटसर्पाचे जंतू काही धडधाकट जनावरांच्या घशात आधीपासून दबून असतात. ओल, अचानक बदललेली हवा, कामाचा ताण, उन्हाळ्यातली उपासमार यांनी जनावर खचलं की ते उचल खातात. माझा अंदाज असा की पहिली जोरदार सर लागून उघडीप पडली आणि दमट ऊन तापलं, की त्याच आठवड्यात काळू-उल्हासच्या काठच्या खोलगट वाड्यांतून पहिली बातमी येते. हे कुठल्या पुस्तकात नाही, पण मी ते धरून चालतो.

ओळखायचं असं: 104 ते 106 फॅरनहाइट ताप, तोंडातून लाळ, गळ्याखाली गरम, दुखरी सूज, श्वासाला घरघर. पुष्कळ जण पान लागलं (साप चावला) असं समजून भगताकडे धावतात, कुणी गळ्याला डाग देतं. यात जो अर्धा दिवस जातो तोच औषधाचा असतो. गळ्याला सूज असतानाच घरघर सुरू झाली, की डॉक्टरांच्या हातातही फारसं उरत नाही. ताप दिसताच 1962 वर फोन करा, फिरत्या दवाखान्याची गाडी मागवा.

"दूध उतरेल" म्हणून दुभती म्हैस लसीच्या दिवशी मागच्या बाजूला नेऊन बांधणारे तबेलेवाले कल्याणपासून नवी मुंबईपर्यंत आहेत. दूध उतरतं, हे खरं. पण दोन-तीन दिवस थोडंसं, आणि ते पुन्हा चढतं. दोन-तीन दिवसांच्या दुधासाठी लाखाची म्हैस पणाला लावायची का, हे ज्याचं त्याने ठरवावं. लसीनंतर ते दूध ओतून द्यायचीही गरज नाही.

सगळ्या लसी, थोडक्यात:

- घटसर्प: तुरटीयुक्त लस 5 मिली, कातडीखाली. ताकद चार-सहा महिने टिकते. तेलयुक्त लस मांसात देतात, ती जास्त टिकते. डोस बाटलीवर लिहिलेला तोच.
- फऱ्या (मांडी-खांद्याचं मांस सुजवणारा आजार): 5 मिली, कातडीखाली. सहा महिने ते दोन वर्षांच्या, अंगाने भरलेल्या वासरांना आधी.
- लाळ्या-खुरकूत: चौथ्या महिन्यात पहिली, महिन्याने बूस्टर, पुढे दर सहा महिन्यांनी. सरकारी कार्यक्रमात फुकट.
- लम्पी: गायी-बैलांना वर्षातून एकदा, शेळी देवीची लस, कातडीखाली.
- ब्रुसेला (गाभ पाडणारा आजार): फक्त चार ते आठ महिन्यांच्या कालवडी-पारड्यांना, आयुष्यात एकदाच. नराला किंवा गाभणीला नको.
- दोन वेगळ्या लसींत साधारण तीन आठवडे अंतर.
- जंतनाशक लसीच्या आठ-दहा दिवस आधी.
- आजारी, तापलेल्या जनावराला लस नाही. दिवस भरत आलेल्या गाभणीचं डॉक्टरांना विचारून.
- कानातला बारा अंकी बिल्ला तपासून नोंद करून घ्या.

आता दुकानदारांविषयी. लसीआधी पाच दिवस पावडर, लसीनंतर लिव्हर टॉनिक, वर कॅल्शियमचा कॅन, असा 'सेट' गळ्यात मारतात. लस लागू पडायला यातलं काही लागत नाही. तेच पैसे जंतनाशकाला आणि मूठभर पेंडीला लावा. दुकानातून लस घेणं तर मला अजिबात पटत नाही. ती 2 ते 8 अंशांत राहायला हवी. गावात रात्रभर वीज नसते, फ्रीजमध्ये थंड पेयाच्या बाटल्या भरलेल्या असतात, आणि लस प्लास्टिकच्या पिशवीत मोटरसायकलवरून भर उन्हात येते. ती टोचली काय, न टोचली काय. उलट घटसर्प किंवा लाळ्या-खुरकुताची लस बर्फात गोठली तरी वाया जाते, वितळवून वापरू नये. पशुवैद्यकीय दवाखान्यातली, बर्फाच्या डब्यातून आणलेली लस मागा. दहा-बारा घरांची जनावरं सकाळी एकत्र बांधून ठेवलीत तर उघडलेली बाटली त्याच सकाळी संपते. टोचल्यावर बैलाला दोन-तीन दिवस जुंपू नका.

हरियाणा, गुजरातहून ट्रकने आलेली म्हैस किंवा मुरबाडकडच्या म्हसा गावच्या यात्रेत घेतलेला बैल थेट दावणीला नको. तीन आठवडे वेगळं बांधा, पाण्याची बादलीही वेगळी.

आणि गावात एक जनावर घटसर्पाने गेलंच, तर कातडं काढू नका, ओढ्यात टाकू नका. सहा फूट खड्डा, वर चुना. उरलेल्यांचा ताप सकाळ-संध्याकाळ बघा. ज्यांना ताप नाही त्यांना, आणि शेजारच्या पाड्यांतल्या जनावरांना, लगेच लस टोचून घ्या. पाऊस चालू असला तरी.